डोळे सुजण्याआधीचे दोन दिवस आठवा

प्रश्न : ताई, माझं वय ५२. ग्वाल्हेरला लश्करमध्ये राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. धनत्रयोदशीला केस रंगवले, फराळाचं उरकलं आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी उठले तर दोन्ही पापण्या सुजलेल्या. सगळे म्हणाले, जागरण झालं, तळणाचा धूर लागला. शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब दिली, दोन दिवसांत उतरलं. महिन्याभराने पुन्हा तेच. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी परत केस रंगवले, परत सूज. आतापर्यंत चार ट्यूबा संपल्या. लावली की बरं वाटतं, सोडली की आग आणि खाज. डोळ्यांखालची कातडी काळपट झाली आहे, पातळ कागदासारखी सुरकुतते. ओठांचं दुखणं वेगळंच. थंडी पडल्यापासून फुटतात, सालं निघतात, भोवती काळी कड आली आहे. मी सारखी जीभ फिरवते, वर्गातली मुलं माझी नक्कल करतात. हिरड्यांसाठी म्हणून लवंग-दालचिनीची पेस्ट वापरते. अक्षय्य तृतीयेला मुलीचं लग्न आहे. घरचे म्हणतात, ‘वय झालं. नवरी काय तू आहेस?’ फोटोत कशी दिसेन याची लाज वाटते आणि या वयात असली लाज वाटते याचीही लाज वाटते. डोळ्यांखाली लावायला एखादं चांगलं क्रीम सुचवा.

उत्तर : ताई, लाजेचं आधी बोलते. लेकीच्या लग्नात आईला बरं दिसावंसं वाटतं, यात लाजण्यासारखं काहीच नाही. तो अल्बम तुमची नातवंडं बघणार आहेत. आणि तुम्ही विचारता आहात ते नटण्यामुरडण्याबद्दल नाहीच, दुखण्याबद्दल आहे. तीन महिने पापण्या सुजताहेत, आग होते आहे, आणि घरात ते ‘वय’ म्हणून सोडून दिलं जातंय. वयाने पापणी सैल पडते, रात्रीतून सुजत नाही.

क्रीम मात्र मी सुचवणार नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त ते दोन वेगवेगळ्या वाक्यांत विखुरलंय. धनत्रयोदशीला केस रंगवले, लक्ष्मीपूजनाला पापण्या सुजल्या. संक्रांतीआधी रंगवले, परत सूज. मधल्या महिन्यात सूज आली तेव्हा आधी दोन-तीन दिवसांत केस रंगवले होते का, ते आठवून बघा. मला वाटतं, रंगवले असणार.

केसांच्या काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, पूर्ण नाव पॅराफेनिलीनडायअमीन. काही जणांच्या शरीराला ते सोसत नाही. पण ही ॲलर्जी लावल्या लावल्या दिसत नाही. एक, दोन, कधी तीन दिवसांनी उमटते आणि म्हणूनच ती कुणाच्या लक्षात येत नाही. रंग लावलेला दिवस मागे पडतो, मधे फराळ होतो, जागरण होतं, पाहुणे येतात, आणि दोष धुराला जातो. रंग डोक्याला लावला, मग डोळे का सुजावेत, असं तुम्हाला वाटेल. डोक्याची कातडी जाड असते, ती बरंच सोसते. पापणीची कातडी सगळ्या शरीरात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. केस धुताना पाणी कपाळावरून ओघळतं, रंगाचा अंश तिथवर पोचतो, आणि डोक्याने जे निभावून नेलं ते पापणीला झेपत नाही.

‘पण मी कितीतरी वर्षं हाच रंग लावतेय’, असं म्हणाल. अशी ॲलर्जी पहिल्याच दिवशी व्हावी लागते असं नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि मग एक दिवस शरीर त्या पदार्थाला ओळखू लागतं. एकदा ओळखलं की सहसा विसरत नाही, उलट पुढच्या वेळची सूज आधीच्यापेक्षा मोठी असू शकते. म्हणून लग्नाआधी ‘एकदाच शेवटचं’ म्हणूनही तो रंग लावू नका. खोक्यावर ‘अमोनिया नाही’ असं मोठ्या अक्षरांत असतं, त्याने फसू नका. अमोनिया नसणं म्हणजे पीपीडी नसणं नव्हे. ‘काळी मेंदी’ हा तर मोठा चकवा आहे. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस चढतो. काळा चढत असेल तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे, आणि ते बहुतेक वेळा पीपीडीच असतं.

आता त्या ट्यूबेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

मी २२ वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. आमच्याकडे एक मावशी यायच्या. पदराच्या गाठीतून नोटा सोडवायच्या आणि म्हणायच्या, ‘बेटा, वो वाली ट्यूब देना’. पापण्यांना खाज येते म्हणून लावायच्या. चिठ्ठी त्यांच्याकडे कधी नव्हती आणि मी कधी मागितली नाही. एके दिवशी नातवाचा हात धरून आल्या आणि दुकानाच्या पायरीवर अडखळल्या. रोजची पायरी, पण कडेची बाजू त्यांना दिसलीच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, पापण्यांना काय लावता? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ती ट्यूब दर वेळी मी दिली होती. त्यानंतर चिठ्ठीवाचून तसली ट्यूब मी कुणाच्या हातात ठेवली नाही, त्यासाठी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

तुमच्या वहिनींनी दिलेलं औषध तेच असेल असं मी म्हणत नाही. पण ‘लावली की दोन दिवसांत बरं, सोडली की आग’ हे वर्णन स्टिरॉइडच्या, म्हणजे सूज आणि खाज चटकन दाबणाऱ्या औषधाच्या, मलमाचं आहे. कातडी पातळ होणं, कागदासारखी सुरकुतणं हेही त्याच्याशी जुळतं. घरी असलेली ट्यूब उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल यांतलं कुठलंही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल यांत गल्लत करू नका, दुसरं बुरशीचं औषध आहे. मात्र बाजारातल्या पुष्कळ ट्यूबांत ही दोन्ही एकत्र असतात, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचा. गोरं करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूबांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोन असतं, तेही डोळ्यांभोवती नकोच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. योग्य ताकदीचं, योग्य जागी, मोजून दिवस लावलं तर ते फार गुणाचं औषध आहे, कधी कधी डॉक्टर पापणीलाही सौम्य प्रकारचं चार-पाच दिवसांसाठी देतात. पण पापणीच्या कातडीतून ते चटकन आत उतरतं. महिनोन् महिने लावत राहिलं की डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. वरून दिसत काही नाही. म्हणून तुम्हाला दोन डॉक्टरांकडे जायचं आहे. एक त्वचेचे, दुसरे डोळ्यांचे. डोळ्यांचा दाब तपासायला दोन मिनिटं पुरतात. खाजगीत जमत नसेल तर तुमच्या सरकारी जयारोग्य रुग्णालयात दोन्ही विभाग आहेत, सकाळी लवकर जाऊन पर्चा काढा, शाळेला एक सुट्टी टाका.

ट्यूब स्वतःच्या मनाने एकदम बंद करून घरी बसून राहू नका. तीन महिने लावलेलं स्टिरॉइड अचानक सोडलं तर कातडी उसळून येते, लाल होते, जळजळते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतो. तुमच्या चार ट्यूबा याच फेऱ्यात संपल्या आहेत. त्वचेचे डॉक्टर ती उतरवत आणतील किंवा तिच्या जागी स्टिरॉइड नसलेलं मलम देतील. त्यातली काही मलमं पहिले थोडे दिवस चुरचुरतात, ते आधी विचारून घ्या म्हणजे मधेच सोडावंसं वाटणार नाही. ॲलर्जीची खात्री करायची असेल तर पॅच टेस्ट असते. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांचे छोटे ठिपके चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, पुन्हा ९६ तासांच्या सुमारास बघतात. थोडी कटकट आहे. पण ‘मला नेमकं काय सोसत नाही’ हे एकदा कागदावर आलं की पुढची वीस वर्षं सुटका.

तोवर घरी करायचं ते फार थोडं आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ते थोडंच राहू द्या. सध्या तुमच्या पापण्यांना नवीन काही लावायला नको आहे, जे लागतंय ते कमी व्हायला हवं. काजळ, फेसवॉश, सुगंधी क्रीम, सगळं महिनाभर बाजूला. तोंड कोमट पाण्याने धुवा. जानेवारीत गीझरचं कढत पाणी तोंडावर मारायला सुख वाटतं खरं, पण इथली थंडी कोरडी, त्यात खोलीत हीटर, आणि डोळ्यांभोवती तेलाच्या ग्रंथी मुळातच थोड्या. आहे तेवढा ओलावाही कढत पाणी घेऊन जातं. टॉवेलने पुसू नका, टिपा. मग साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली मुगाच्या दाण्याएवढी घ्या, दोन अनामिकांवर वाटून घ्या आणि नुसती टेकवत जा. अनामिकाच का, तर त्या बोटाचा जोर सगळ्यात कमी. डोळ्याच्या खाली हाड लागतं त्या कडेने लावा, पापणीच्या केसांपर्यंत नेऊ नका. खाज आली की स्वच्छ मऊ फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून, पाच मिनिटं ठेवा. चोळणं बंद झालं तर अर्धा काळेपणा त्यानेच उतरेल, कारण सतत चोळलेली कातडी स्वतःच्या बचावासाठी काळी पडते.

आणि हात बघा. तुम्ही दिवसभर खडू धरता, त्याच बोटांनी डोळे पुसता. हिरव्या मिरच्या चिरून, लसूण सोलून तोच हात पापणीला. नेलपॉलिशनेही कित्येकींच्या पापण्या सुजतात, नखांच्या कडा मात्र ठणठणीत असतात. सर्दीत कपाळाला बाम चोळून झोपायची सवय असेल तर सध्या तीही सोडा, कापूर आणि मेंथॉलची वाफ थेट डोळ्यांवर जाते.

लिंबाचा रस, बटाट्याचा कीस, टूथपेस्ट, बेसन-हळद हे सगळं लोक प्रेमानेच सांगतील. लिंबाचं आम्ल सोललेल्या बोटाला झोंबतं, पापणीला काय करेल! उटणं दिवाळीत अंगाला लावा, हौसेने लावा, डोळ्यांभोवती चोळू नका.

सूज आणि खाज गेल्यावर काळेपणा किती उरतो ते मग बघा, आत्ता त्याचा हिशेब करू नका. सगळी काळी वर्तुळं एका कारणाने येत नाहीत. खिडकीच्या उजेडात आरसा धरून मान वर करा. वर केल्यावर काळेपणा नाहीसा झाला तर ती डोळ्यांखालच्या खोलगटपणाची नुसती सावली आहे, तिला क्रीम काय करणार? निळसर-जांभळं दिसत असेल तर पातळ कातडीखालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. तपकिरी असेल तर रंगद्रव्य आहे, ते ऊन आणि चोळणं टाळून, डॉक्टरांच्या औषधाने हळूहळू कमी होतं. आईची, आजीची तशीच असतील तर ती ठेवण घरातली आहे. हिमोग्लोबिन मात्र एकदा तपासून घ्या. ५२ म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासचं वय, त्या आधीच्या वर्षांत पुष्कळ जणींचं रक्त कमी झालेलं असतं आणि थकवा ‘कामाचा’ म्हणून अंगावर काढला जातो.

ओठांकडे वळते. ओठांच्या लाल भागाला तेल सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नसतात, घामाच्याही नसतात, आणि वरचा थर गालापेक्षा कितीतरी पातळ. म्हणजे स्वतःला मऊ ठेवायचं साधन ओठांकडे नाही. ते कोरडे पडले की आपण जीभ फिरवतो. क्षणभर ओलं वाटतं, मग ती लाळ उडून जाताना ओठातलंही पाणी घेऊन जाते. शिवाय लाळेत अन्न पचवणारे रस असतात, ते नाजूक कातडीला झोंबतात. जीभ जिथवर पोचते तिथवर कड काळी होते. तुमच्या ओठांभोवतीची कड मला तीच वाटते. आरशात जीभ फिरवून बघा, कड आणि जिभेची पोच जुळते का.

त्यावर ‘सवय सोडा’ म्हणून भागत नाही, जीभ आपोआप जाते. तिला दुसरं काहीतरी सापडलं पाहिजे. पेट्रोलियम जेलीची लहान डबी पर्समध्ये, एक शाळेच्या टेबलाच्या खणात, एक उशाशी. तास सुरू होताना एकदा, संपला की एकदा, जेवणानंतर, झोपताना जाडसर. ओठ तेलकट असले की जीभ परत फिरते. घरचं साजूक तूपही चालतं, फक्त ते लवकर निघून जातं. गजक खाल्ली की ओठांना चिकटलेला तीळ आणि गोडवा जिभेने काढत बसू नका, पाण्याने धुवा आणि लगेच जेली लावा. ओठांची सालं दातांनी ओढू नका, साखर-मधाने घासूही नका. ती आपली आपण पडतील.

लवंग-दालचिनीची पेस्ट आजच बंद करा. दालचिनीने, पुदिन्याच्या तीव्र स्वादाने आणि फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटने ओठ सोलवटतात. फेस न होणारी, सौम्य, फ्लोराइडची पेस्ट घ्या. हिरड्यांसाठी पेस्ट बदलण्याऐवजी दातांच्या डॉक्टरांकडून एकदा साफ करून घेतलेलं बरं. गार-गार लागणारे मेंथॉलचे लिप बामही नकोत, त्या झोंबण्याने जीभ पुन्हा बाहेर येते. दुपारी गच्चीत मटार सोलत बसता ना, तेव्हा डोक्यावर पदर किंवा टोपी घ्या. खालच्या ओठावर ऊन थेट पडतं. लग्न भर उन्हाळ्यात आहे, तोवर ३० एसपीएफचा लिप बाम आणून ठेवा.

ओठांचे फक्त कोपरे चिरत असतील तर प्रकरण निराळं आहे. तिथे बुरशी असते, लोहाची किंवा बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, कधी साखर वाढलेली असते. आणि ओठावर किंवा तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा कडक गाठ दिसली तर घरी काही लावत बसायचं नाही, डॉक्टर. घरात कुणी गुटखा-तंबाखू खात असेल तर त्यांचंही तोंड उघडून बघा.

लग्नाला अजून तीन महिने आहेत, आणि हे माझ्या मते पुरेसे आहेत. केसांचं काय करायचं ते पॅच टेस्टनंतर ठरवा. शुद्ध मेंदी चालणार असेल तर ४८ तास आधी कानामागे लावून बघा. नाहीतर पांढरे केस नीट विंचरून अंबाडा घाला, वर मोगऱ्याचा भरगच्च गजरा. खरंच शोभून दिसतं, मी दोन लग्नांत पाहिलंय. ब्यूटिशियन ठरवली असेल तर तिला ॲलर्जीचं आधीच सांगा. तिचं काजळ, मस्कारा नको, स्वतःचं नवं घ्या आणि आठवडाभर आधी एका डोळ्याला लावून बघा. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा असतो, लग्नाच्या खोलीत दहा जणींमधे फिरवायचा नसतो. हळदीच्या दिवशी पोरी तोंडभर हळद फासतात, त्यांना बजावून ठेवा, गालाला लावा, डोळे-ओठ सोडून. रात्री कितीही दमलात तरी मेकअप काढूनच झोपा. कापसाला खोबरेल लावून मिटल्या डोळ्यावर अर्धा मिनिट धरा, मग अलगद खाली ओढा. घासावं लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एक पिशवी भरा. चारही ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी. केसांच्या रंगाचं खोकं, पेस्ट, लिपस्टिक, बाम, सगळं. सूज कधी आली आणि त्याआधी दोन-तीन दिवसांत काय लावलं, याच्या तारखा एका कागदावर लिहा. डॉक्टरांना तुमच्या बोलण्यापेक्षा ती पिशवी जास्त सांगेल. आणि जायच्या आधी शेजारच्या वहिनींना विचारा, ती ट्यूब त्या स्वतः कुठे लावतात आणि किती दिवसांपासून. जमलं तर त्यांनाही सोबत घेऊन जा.